तो चाकू परत आणा

पत्र : आमचं इंदूरला छत्रीबागेच्या बाजूला भांड्यांचं आणि किरकोळ लोखंडी सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि मिस्टर बघतो. विळ्या, अडकित्ते, सुऱ्या, कात्र्या, घडीचे चाकू हे पहिल्यापासून ठेवतो. हल्ली पेपरात सारख्या चाकूबाजीच्या बातम्या असतात. भिशीत एक वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुम्ही अजून चाकू विकता? पोरं काय करतात ते वाचत नाही का?’ माझी मान खाली गेली. पंधरा दिवसांनी त्याच वहिनी दुकानात आल्या. मुलगी भंवरकुआंहून कोचिंग करून रात्री येते, तिच्या पर्समध्ये मावेल असा एक द्या म्हणाल्या. मी दिला नाही, पण का दिला नाही तेही मला सांगता आलं नाही. कॉलेजची पोरं येतात, ‘भाभी, वो वाला दिखाओ जो खट से खुलता है.’ मिस्टर म्हणतात, हे सगळं बंदच करून टाकू.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. वय ७८. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक जुना चाकू असतो, फळं कापायला. मागच्या महिन्यात मॉलच्या दारात तपासणीत तो निघाला. गार्डने तो वर धरून दुसऱ्याला दाखवला, ‘देखो, दादाजी क्या लेके घूम रहे हैं.’ लोक बघत होते. माझी मुलगी दहावीत आहे. तेव्हापासून ती आजोबांबरोबर कुठे जात नाही. चाकू घरी ठेवा, हे मी त्यांना कसं सांगू?

ता. क. गार्डने चाकू तिथल्या काउंटरवर ठेवून घेतला होता. निघताना लाजेपोटी आम्ही तो परत मागितलाच नाही.

– एक सून, इंदूर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा दुकानासाठी आणि एकदा त्या ता. क. साठी. ता. क. कडे मी शेवटी येते, कारण माझ्या मते सगळ्यात तातडीचं काम तेच आहे. पण आधी दुकान, कारण तिथे तुमचं पोट आहे.

दुकान बंद करू नका. चाकूही बंद करू नका. फक्त एक प्रकार आजच काढून टाका, तो म्हणजे खटक्याचा. बटन दाबलं की स्प्रिंगने पातं बाहेर येतं, तो. तुमच्याकडे नसेल तर उत्तमच, पण पोरं येऊन मागतायत त्यावरून एखादा डबा मागे कुठेतरी पडलेला असावा असं मला वाटतं.

यात कायदा अगदी स्पष्ट आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत धरलेत, मात्र घरकामाची, शेतीची, कारखान्यातली हत्यारं त्यातून वगळलीत. आपल्या मध्य प्रदेशात त्याहून कडक आहे. राज्य शासनाच्या १९७४ च्या अधिसूचनेप्रमाणे सार्वजनिक जागी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगता येत नाही, आणि स्प्रिंगचा चाकू तर पातं कितीही लहान असलं तरी चालत नाही. म्हणजे खटक्याचा चाकू घेऊन पोरगा तुमच्या दुकानाची पायरी उतरला की कायद्याच्या कचाट्यात सापडलाच. त्याला तिथवर पोचवलं कोणी, हा प्रश्न मग तुमच्या दारात येणार. या अधिसूचनेची एक प्रत एखाद्या वकिलाकडून घ्या आणि गल्ल्याजवळ ठेवा. कोणी वाद घातला तर बोलण्यापेक्षा कागद दाखवणं बरं पडतं.

कायद्याने खटक्याला वेगळं का काढलं असेल, ते समजायला एक साधा घडीचा चाकू हातात घ्या. पात्याच्या पाठीशी नखाएवढी खाच असते. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख त्या खाचेत घालायचं आणि ओढायचं. दोन्ही हात गुंततात, दोन-तीन सेकंद जातात. फळ कापणाऱ्याला या तीन सेकंदांचं काही वाटत नाही. भांडणात मात्र तेवढ्या वेळात कोणीतरी हात धरतो, कोणी ‘अरे जाने दे’ म्हणतो, डोकं थोडं थंड होतं. खटक्याच्या चाकूने नेमका तोच वेळ काढून घेतलाय. आणि तो ‘खट्‌’ आवाज समोरच्याला घाबरवण्यासाठीच असतो, त्याने काही कापलं जात नाही.

म्हणून ताई, गिऱ्हाईक ओळखायला तुम्हाला फार विद्या लागणार नाही. कलमं बांधणारा माळी येतो, तो अंगठ्याच्या पोटाने पातं चाचपतो, ‘धार टिकेल ना?’ विचारतो. वायरमन मूठ घट्ट बसली आहे का ते हलवून बघतो. सियागंजात पोत्यांच्या सुतळ्या कापणारा हमाल किंमत विचारतो आणि त्यातून ५ रुपये कमी करा म्हणतो. ज्याला चाकूचं काम आहे तो कामाचं बोलतो. जो धार विचारत नाही, मूठ बघत नाही, फक्त उघडायचा आवाज ऐकायला मागतो, त्याला चाकू कापायला नकोच आहे. त्याला तो दोस्तांत काढून दाखवायचाय. आणि दाखवायला आणलेला चाकू कधीतरी चालतो, कारण चार जणांसमोर बाहेर काढल्यावर तो तसाच मिटून खिशात घालणं त्या वयात जमत नाही. बहुतेक पोरं वाईट नसतात हो. पण त्या एका क्षणाला माघार घ्यायला जी ताकद लागते ती अठराव्या वर्षी फार थोड्यांकडे असते.

आता मांडणी. दुकानाबाहेर दोरीला, पुठ्ठ्यावर टाचून चाकू टांगले असतील तर आत घ्या. काउंटरच्या मागे, तुमच्या हाताशी, काचेत ठेवा, म्हणजे ज्याला हवा त्याला तोंडाने मागावा लागेल. मागितला की विचारायचं, ‘कशाला हवाय?’ हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चपलांच्या दुकानात रोजच्याला हवी की लग्नाला, असं विचारतातच ना! शाळकरी मुलाला एकट्याला द्यायचा नाही, आई-बाबांना घेऊन ये म्हणायचं. बिल फाडायचं, त्यावर नाव लिहायचं. आणि वेष्टनावर कवटी, विंचू, वाघाचा जबडा छापलेला माल घाऊकवाल्याकडून आणूच नका. तुमच्या सासऱ्यांनी इतकी वर्षं जो माल विकला त्यावर कवट्या नव्हत्या. चाकू तोच असला तरी वेष्टन बदलल्याने गिऱ्हाईक बदलतं, हे तुम्ही दुकानदार माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मिस्टरांना वाटतं तसं सगळं बंद केलं तर काय होईल? माळी आणि वायरमन दुसऱ्या गल्लीत जातील. आवाज विचारणारा पोरगा मोबाइलवर मागवेल. तिथे त्याला ‘कशाला हवाय’ म्हणून कोणी विचारणार नाही. तुमच्या काउंटरवर निदान एक भाभी बसलेली आहे, जी त्याच्या तोंडाकडे बघते. मला हे फार मोलाचं वाटतं.

भिशीतल्या वहिनींचं सांगते. त्या दोनदा तुमच्याशी बोलल्या, दोन्ही वेळा घाबरलेल्या. पहिल्यांदा दुसऱ्याच्या मुलाला घाबरून, दुसऱ्यांदा स्वतःच्या मुलीसाठी. त्यांच्यावर राग धरू नका. तुम्ही चाकू दिला नाहीत ते अगदी बरोबर केलंत. त्याचं कारण त्यांना असं सांगा : चाकू चालवायला समोरचा हातभर अंतरावर यावा लागतो, आणि मुलीला जे हवं असतं ते नेमकं उलटं, त्याच्यापासून लांब जाणं. ज्याने कधी चाकू चालवला नाही त्याच्या हातातून तो हिसकावला जातो, आणि मग तो तिच्यावरच उलटतो. त्यापेक्षा कोचिंग सुटायच्या वेळी चार मुलींनी मिळून एक रिक्षा ठरवावी, रिक्षाचा नंबर घरी पाठवावा, फोनवर ११२ एका बोटावर असावा, आणि सुरुवातीचे काही दिवस घरातलं कोणीतरी कोपऱ्यापर्यंत घ्यायला जावं. वहिनी एकट्याने जायला कंटाळत असतील तर तुम्ही सोबत जा. भिशीतलं ते बोलणं तुमच्या दोघींमध्ये असंच राहण्यापेक्षा हे बरं.

त्या जे म्हणाल्या त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ज्या घरातला मुलगा गेला त्या आईला माळ्याचा चाकू आणि गुंडाचा चाकू यातला फरक समजावायला कोणी जाऊ नये. पण लोकांच्या मनातला चाकू फार लवकर बदलतो, आणि बदलला की आपण मागचं सगळं विसरतो. याच शहरात होळकरांच्या दफ्तरात मोडी लिहिणारे कारकून बसायचे. बोरूचं टोक झिजलं की ते तासायला चाकू हाताशी लागायचाच. चाकूशिवाय कारकून म्हणजे शाईशिवाय दौत. माझे आजोबा पेन्सिल चाकूनेच तासायचे, लांब, सुईसारखी, आणि साल एका सलग वेटोळ्यात निघालं की आम्हाला द्यायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सुरी, कात्री, विळी आणि तो चाकू एकाच पाटावर हळद-कुंकू लावून मांडलेले असायचे. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड म्हणून चाकू ठेवायचे. तेव्हा त्याच्याकडे कोणी हत्यार म्हणून बघत नव्हतं.

आजही सगळ्या चाकूंकडे आपण एका नजरेने बघत नाही. भाचा परदेशातून लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा स्विस चाकू आणतो, तेव्हा आपण तो पाहुण्यांना कौतुकाने उघडून दाखवतो. ते चाकू स्विस सैन्याला १८९१ पासून पुरवले जाऊ लागले, म्हणजे जन्माने तो शिपायाचा चाकू. आणि रामपुरी चाकूच्या रामपूरला, ज्या गावाचं नाव घेतलं की हिंदी सिनेमातला खलनायक डोळ्यांसमोर येतो, तिथे २०२३ साली चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभा केला, कारागिरांच्या अभिमानाने. तुमच्या सासऱ्यांच्या बंडीतला मात्र वर धरून हसण्याचा विषय झाला, कारण तो जुना होता आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशात होता.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरात एकदा मला चाकू सापडला. लाकडी मूठ, बोटभर पातं. मी तो सगळ्या वर्गासमोर वर धरला. होय, त्या गार्डसारखाच. मुख्याध्यापकांकडे नेलं, घरच्यांना बोलावलं, मुलाला आठवडाभर घरी बसवलं. दप्तर ओतलं तेव्हा त्यातून एक कैरी घरंगळत गेली होती आणि वहीच्या कागदात बांधलेली तिखट-मिठाची पुडी पडली होती. मी ती पाहिली होती. पाहूनही मला दिसली नाही, कारण हातात चाकू होता. वर्षभर पोरं त्याला ‘चाकू’ म्हणून हाका मारायची. तो मधल्या सुट्टीत चार जणांना कैरी कापून वाटणारा मुलगा होता. पुढे तो कोणाला काही वाटेनासा झाला.

जपानमध्ये हे अख्ख्या देशाच्या पातळीवर घडलं. तिथली शाळकरी मुलं घडीचा छोटा चाकू पेन्सिल तासायला जवळ बाळगायची. १९६० साली एका १७ वर्षांच्या मुलाने व्यासपीठावर भाषण करणाऱ्या समाजवादी पुढाऱ्याला, इनेजिरो आसानुमा यांना, तलवारीने भोसकून मारलं. त्यानंतर मुलांच्या हातात पातं नको अशी मोहीमच सुरू झाली आणि तो पेन्सिलीचा चाकू दप्तरांतून नाहीसा होत गेला. मारलं होतं तलवारीने. त्या लोकांची भीती मला समजते, तरी हे वाचून वाईट वाटतं. आणि भीतीच्या मागे जायचं म्हटलं तर थांबायचं कुठे? २००५ साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की स्वयंपाकघरातल्या लांब टोकदार सुऱ्यांचीच विक्री बंद करा, कारण भोसकण्याच्या जखमा घेऊन जी माणसं त्यांच्यासमोर येत त्यात घरातलीच सुरी वापरलेली असायची. ते डॉक्टर वेडे नव्हते, त्यांनी ते रक्त पाहिलं होतं. म्हणूनच मी म्हणते, दुकानात काय ठेवायचं याचा विचार जरूर करा, पण तो चाकू बघून करा, तो मागणारा माणूस बघून करा. ‘चाकू’ या शब्दाला दचकून करू नका.

आता सासरे. त्यांना काय म्हणता तुम्ही, बाबा की अप्पा? मी बाबा म्हणते. बाबांचा चाकू हाताने उघडायचा आणि छोट्या पात्याचा असेल, तर सकाळी बागेत फिरायला जाताना, गावाला जाताना त्यांच्याजवळ असायला काही हरकत नाही. तो घरी राहायला हवा अशा जागा मोजक्याच आहेत : मॉल, सिनेमा, विमानतळ, मेट्रो, कोर्ट, कलेक्टर कचेरी, मतदान केंद्र, मोठ्या मिरवणुका. शिवाय निवडणूक असली किंवा शहरात काही तणाव असला की पोलीस आयुक्तांचा हत्यारबंदीचा हुकूम निघतो, पेपरात येतो. तेवढे दिवस चाकू कपाटात. हे त्यांना ‘पोलीस पकडतील’ म्हणून सांगू नका, आणि ‘लोक हसतात’ म्हणून तर मुळीच नको. जागांची यादी म्हणून सांगा, औषधांच्या वेळा सांगता तशी. आणखी एक, चाकू बंडीच्या खिशाऐवजी फळांच्या पिशवीत ठेवू द्या, रुमालात गुंडाळून, जामांच्या, म्हणजे पेरूंच्या सोबत. खिशातून निघालेल्या चाकूचा जाब द्यावा लागतो, पेरूंच्या पिशवीतून निघालेल्याचं काम सगळ्यांना दिसतं.

गार्डचं म्हणाल तर त्याने चाकू आत नेऊ दिला नाही हे योग्यच. ती त्याची नोकरी आहे, आणि त्याने आज एका आजोबांना सोडलं तर उद्या दुसऱ्या कोणाला कसं अडवणार? चूक त्याने चाकू वर धरला त्यात होती, तो हसला त्यात होती. ‘बाबूजी, ये यहाँ रख दीजिए, जाते समय ले लीजिएगा,’ एवढं त्याला म्हणता आलं असतं.

मला खरी काळजी तुमच्या मुलीची वाटते. ती आजोबांबरोबर जात नाही, कारण तिने त्यांना त्या दिवशी गार्डच्या नजरेने पाहिलं आणि ती नजर तिला अजून काढून टाकता येत नाही. तिला समजावायला बसू नका, दहावीची मुलं समजावलेलं ऐकत नाहीत. तिला आजोबांच्या समोर बसवा. त्यांनी जाम कापलेला तिने लहानपणापासून पाहिला असेल : आधी देठ, मग चार फाका, पण बुडाशी जोडलेल्याच ठेवायच्या, आत जिरावण, आपला इंदुरी मसाला, भुरभुरायची, आणि चाकू देताना पातं स्वतःकडे वळवून मूठ दुसऱ्याकडे. पातं नेहमी स्वतःकडे. हे त्यांना कोणी शिकवलं, ते तिला विचारू द्या. आणि एकदा तिच्या हातात देऊन तिलाही कापू द्या.

त्यासाठी आधी चाकू घरी यायला हवा. त्या शाळेतल्या मुलाचा चाकू माझ्या टेबलाच्या खणात वर्ष संपेपर्यंत पडून होता. तो मागायला आला नाही आणि मी बोलावून दिला नाही. नंतर शाळेची फर्निचर-रंगरंगोटी झाली, खण रिकामे केले, त्यात तो गेला. तो त्याच्या आजोबांचा होता, हे मला खूप उशिरा कळलं.

म्हणून उद्याच जा, ताई. सकाळी, मॉल उघडल्या उघडल्या, गर्दी नसते तेव्हा. बाबांना सोबत घ्या, मुलगी आली तर तिलाही. काउंटरवर सुट्या वस्तूंचा खण नाहीतर टोपली असते, हरवलेल्या छत्र्या आणि चाव्या असतात त्यात शोधायला सांगा. तारीख आणि वेळ कागदावर लिहून न्या. मूठ कशाची आहे, पाती किती आहेत ते बाबांनाच सांगू द्या, त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार नाही. आणि मागताना आवाज बारीक करू नका. ‘माझ्या सासऱ्यांचा चाकू आहे, तो घ्यायला आलोय,’ असं सरळ म्हणा.